आकड्यांची जमीनदारी

सप्टेंबर २०२५ मध्ये मॉरिशसमधील आफ्रिनिक नावाच्या संस्थेच्या संचालक मंडळाची निवडणूक पार पडली. सुमारे तीन वर्षे या संस्थेला कामकाज चालवण्याइतके संचालकच उरले नव्हते. न्यायालयाने नेमलेला प्रशासक ती सांभाळत होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये झालेली निवडणूक मुखत्यारपत्रांच्या वादातून रद्द करावी लागली होती. ही संस्था कारखाना चालवत नाही, कर्ज देत नाही, जमीन वाटत नाही. संपूर्ण आफ्रिका खंडात इंटरनेटचे पत्ते, म्हणजे केवळ आकडे, वाटून देणे आणि त्यांची नोंदवही ठेवणे एवढेच तिचे काम. आकड्यांसाठी एवढे कोर्टकज्जे व्हावेत, याचे एखाद्या कार्यकर्त्याला नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूची टंचाई आहे आणि जिच्यावाचून इतरांचे चालत नाही, तिच्या वाटपात कोणाचे हित साधले जाते हे पाहणे हे राजकारणाचे मूळ काम आहे. वस्तू जमीन आहे की आकडा, याने त्यात फरक पडत नाही.

या आकड्यांचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. टपालाच्या पाकिटावर पत्ता नसेल तर पाकीट पोहोचत नाही, तसेच हे आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, हा क्रमांक बत्तीस द्विमान अंकांचा असतो. म्हणून जगात असे पत्ते ४२९ कोटींच्या पलीकडे असूच शकत नाहीत, आणि त्यांतीलही काही राखीव आहेत. एकच पत्ता दोघांना देऊन चालत नाही. यासाठी कोणीतरी नोंदवही ठेवावी लागते आणि ती सर्वांनी मानावी लागते. या शेवटच्या अटीत सगळे मर्म आहे. आकड्याला स्वतःची किंमत शून्य. साऱ्या जगातील दळणवळण कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारे ती नोंदवही मान्य करतात, म्हणूनच त्या आकड्याला अर्थ आहे.

प्रारंभी ही नोंदवही कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेत जॉन पोस्टेल हे एक निःस्पृह अभियंते सांभाळत असत. मागणाऱ्या संस्था थोड्या आणि आकडे अपरंपार, अशी त्या वेळची परिस्थिती होती. त्यामुळे १९८० च्या दशकात आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एकेका अर्जावर १ कोटी ६७ लाख पत्त्यांचे गठ्ठे देण्यात आले. फोर्ड ही मोटार कंपनी, अ‍ॅपल, आयबीएम, मॅसॅच्युसेट्सची तंत्रशिक्षण संस्था, यांना असे गठ्ठे मिळाले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे दहाहून अधिक गठ्ठे गेले. यात कोणाचे कारस्थान नव्हते. परंतु परिणाम मात्र इनामदारीचाच झाला. जे आधी आले त्यांनी माळ अडवला. जे नंतर जागे झाले त्यांच्या वाट्याला बांधाकडेच्या पट्ट्या आल्या. आज अमेरिकेच्या नावावर सुमारे १६० कोटी पत्ते आहेत, म्हणजे माणशी चार ते पाच. भारताच्या नावावर सुमारे चार कोटी आहेत, म्हणजे तीसाहून अधिक माणसांमागे एक. दीडशे कोटींच्या आफ्रिका खंडाकडे सुमारे बारा कोटी आहेत.

हे असेच चालू देणे धोक्याचे आहे, हे ओळखण्याइतका शहाणपणा त्या काळच्या अभियंत्यांजवळ होता. १९९२ साली युरोपसाठी, १९९३ साली आशिया-प्रशांत विभागासाठी, १९९७ साली उत्तर अमेरिकेसाठी, पुढे २००२ साली लॅटिन अमेरिकेसाठी आणि २००५ साली आफ्रिकेसाठी अशा पाच विभागीय नोंदणीसंस्था उभ्या राहिल्या. त्यांनी घालून दिलेले तत्त्व विलक्षण होते. पत्ता विकला जाणार नाही. ज्याला गरज आहे त्याने ती कागदोपत्री दाखवावी, वापराचा आराखडा सादर करावा, आणि गरजेपुरते घ्यावे. घेणारा मालक नसून विश्वस्त राहील, आणि गरज संपली की पत्ते परत येतील. नफ्यावर उभ्या असलेल्या जगात गरजेनुसार वाटपाचे तत्त्व एका सर्वस्वी आधुनिक साधनाला लागू झाले आणि पंधरा-वीस वर्षे ते बऱ्यापैकी चालले. केंद्रीय नियोजन म्हणजे हटकून गोंधळ, असे मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी हे उदाहरण डोळ्यांआड करू नये. सामायिक साधने लोक स्वतःच नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मासेमारी आणि कालवे यांच्या अभ्यासातून दाखवले व त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पत्त्यांची नोंदवही त्याच जातीची आहे.

परंतु जुन्या गठ्ठ्यांना नव्या तत्त्वाने हात लावला नाही, आणि तेथेच पुढच्या अनर्थाचे बीज पडले. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला संपूर्ण गठ्ठा स्वेच्छेने परत केला. भूदानाची आठवण व्हावी असेच हे कृत्य होते. पण भूदानाच्या अनुभवाने जे शिकवले तेच येथेही खरे ठरले. एका दात्याच्या मागे शंभर जमीनदार आपोआप येत नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पाच गठ्ठे पाच संस्थांना वाटले गेले आणि कोठार रिकामे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत संस्थेने शिधावाटप सुरू केले: कोणत्याही सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ वर आली. एकीकडे १ कोटी ६७ लाख आणि दुसरीकडे ५१२, असा हा हिशोब आहे. आज एखाद्या तालुक्याच्या गावी पाच हजार घरांना जोडणी देऊ पाहणाऱ्या केबलचालकाला या शिध्यावर भागवायचे, तर दर दहा घरांना मिळून एक पत्ता द्यावा लागतो.

टंचाई आली की बाजार येतो. २०११ साली दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरांना घेतले. पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर पडले. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने २०१७ साली स्वतःच जाहीर केले की, आपल्याकडील सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच गेले नाहीत. मग त्यांतील लक्षावधी पत्ते अ‍ॅमेझॉनने विकत घेतले. २०१९ साली हौशी रेडिओचालकांसाठी राखलेल्या गठ्ठ्यातील सुमारे ४२ लाख पत्ते त्याच कंपनीकडे दहा कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. २०२१-२२ च्या सुमारास भाव पत्त्यामागे पन्नास डॉलरांच्या घरात पोहोचला, पुढे उतरला. आणि फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन आपल्या ग्राहकांकडून प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासावर भाडे घेऊ लागली. वर्षाला ते ४३ डॉलरांच्या वर जाते.

बाजाराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. पैसा मिळणार म्हणून पडीक पत्ते बाहेर आले. नुसत्या आवाहनाने ते आले नसते. हे खरे आहे. परंतु ज्याने कधी वापरले नाही, ज्याने मूळ धरतानाही किंमत मोजली नाही, त्याला लक्षावधी डॉलर देऊनच ते बाहेर काढावे लागले, याला कार्यक्षमता म्हणण्यापेक्षा खंडणी म्हणणे अधिक योग्य. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची उपपत्ती मांडली तेव्हा मातीच्या मूळ शक्तीचा तरी आधार घेतला होता. येथे मातीही नाही. आकड्याचा भाव वाढला तो जगभरच्या कोट्यवधी माणसांनी इंटरनेट वापरायला घेतले म्हणून. म्हणजे वाढ समाजाने निर्माण केली आणि ती खिशात घातली नोंदवहीत नाव असलेल्याने. अनर्जित वाढीचे याहून शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. शिवाय बाजारातील भाव गरज मोजत नाही. गरजूच्या खिशातील पैसा मोजतो. युरोपच्या नोंदणीसंस्थेने २०१४ साली हस्तांतरासाठी गरज दाखवण्याची अट काढून टाकली. विकणारा आणि घेणारा राजी असले की झाले, असा तेथील नियम झाला. उत्तर अमेरिकेच्या संस्थेने अट कायम ठेवली. या दोन नियमांत केवळ तांत्रिक भेद आहे असे कोणी समजू नये. साधन समाजाचे की धारकाचे, या प्रश्नाला दिलेली ती दोन भिन्न उत्तरे आहेत.

गैरवापराचा प्रश्न याच ठिकाणी सुरू होतो. आकड्याला भाव आल्यावर लबाडीला निमित्त मिळाले. पहिली लबाडी बेनामीची. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात एका उद्योजकाने कागदावरच्या कंपन्या उभ्या केल्या, अस्तित्वात नसलेल्या अधिकाऱ्यांच्या नावे प्रतिज्ञापत्रे केली आणि उत्तर अमेरिकेच्या संस्थेकडून सात लाखांहून अधिक पत्ते उकळले. २०१९ साली त्याच्यावर खटला भरला गेला, २०२१ साली त्याने गुन्हा कबूल केला. कमाल जमीनधारणा कायद्यातून सुटण्यासाठी घरातल्या बैलांच्या नावावरही जमिनी झाल्याच्या कथा महाराष्ट्रात सांगितल्या जात. ही त्याचीच सागरापलीकडची आवृत्ती.

दुसरी लबाडी चावडीतल्या माणसाची. २०१९ साली एक स्वतंत्र संशोधक आणि दक्षिण आफ्रिकेतील एक पत्रकार यांनी उघड केले की, आफ्रिनिकच्या नोंदवहीतच फेरफार झाले आहेत. बंद पडलेल्या संस्थांचे आणि शिल्लक साठ्यातले पत्ते परस्पर भलत्यांच्या नावे चढवले गेले होते. संस्थेच्या स्वतःच्या तपासणीत ही संख्या चाळीस लाखांहून अधिक निघाली, आणि संशय संस्थेच्याच एका जुन्या वरिष्ठ कर्मचाऱ्यावर आला. गरिबांच्या खंडाचा आधीच तोकडा साठा कुंपणानेच खाल्ला.

तिसरा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात फसवणूक झाली की नाही हाच वाद आहे. सेशेल्समध्ये नोंदलेल्या क्लाउड इनोव्हेशन या कंपनीला आफ्रिनिकने २०१३ ते २०१६ या काळात सुमारे ६२ लाख पत्ते दिले. पत्त्याला वीस डॉलर एवढा माफक भाव धरला, तरी हे बारा कोटी डॉलरांचे घबाड होते. हे पत्ते मोठ्या प्रमाणात आफ्रिकेबाहेर भाड्याने दिले गेले. मागताना दाखवलेली गरज आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ नाही, असे म्हणून संस्थेने २०२१ साली ते परत घेण्याचा निर्णय केला. करारात बाहेर वापरास मनाई नाही, असे कंपनीचे म्हणणे. कंपनी न्यायालयात गेली. त्या वर्षी संस्थेची बँक खाती काही काळ गोठली आणि पुढे दाव्यांची रांग लागली. संचालकांची मुदत संपत गेली, गणसंख्या राहिली नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये प्रशासक आला. कराराच्या शब्दांवर न्यायालये काय ते ठरवतील. परंतु धोरणाच्या दृष्टीने निष्कर्ष स्पष्ट आहे. जी संस्था आपल्या करारात ‘हे साधन विश्वस्त म्हणून दिले आहे आणि वापर बदलल्यास ते परत घेतले जाईल’ एवढे निःसंदिग्ध लिहीत नाही, तिला संकटाच्या वेळी तत्त्वाचा आधार राहत नाही.

भाड्याच्या या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे. फसव्या पत्रांचा मारा करणारे, बँकेच्या नावाने खोटी संकेतस्थळे उभारणारे टोळीवाले पत्त्यांचा एक गठ्ठा भाड्याने घेतात. त्याची बदनामी झाली, जगाने तो नाकारला, की टाकून दुसरा घेतात. नोंदवहीत नाव मूळ धारकाचे राहते. सातबाऱ्यावर मालकाचा रकाना भरलेला आणि कसणाऱ्याचा कोरा असला म्हणजे कुळाचे काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. येथे उलट्या दिशेने तेच घडते. कसणारा लपतो, आणि नुकसान झालेल्या सामान्य माणसाला तक्रार कोणाकडे करावी ते कळत नाही.

मग सगळे सरकारच्या आणि पोलिसांच्या हाती द्यावे काय? याला उत्तर देताना पुण्यातील एक प्रकरण विसरता येणार नाही. २००७ साली ऑर्कुटवरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या बदनामीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. पुरावा काय, तर सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेली पत्त्याची माहिती. ती माहिती चुकीची होती. निरपराध माणसाने पन्नास दिवस तुरुंगात काढले. त्या वेळी एक पत्ता बहुधा एका ग्राहकाचा असे. आज टंचाईमुळे एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक असू शकतात. नेमकी वेळ आणि जोडणीचा उपक्रमांक यांवाचून पत्ता कोणाकडेच बोट दाखवत नाही. २०१७ साली युरोपच्या पोलीस संघटनेनेही हीच अडचण जाहीरपणे मांडली होती. म्हणजे वाटपातील विषमता अखेर नागरिकाच्या स्वातंत्र्यापर्यंत येऊन भिडते. ज्या देशाकडे पत्ते कमी, त्या देशातील निरपराधावर संशय येण्याचा संभव अधिक. आणि उपाय म्हणून सरकार नोंदी साठवण्याची सक्ती वाढवते. भारतात एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी खासगी जोडणी पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावे व त्यांना दिलेले पत्ते पाच वर्षे जपण्यास सांगितले. संस्थांच्या नावे किती पत्ते आहेत हे जगाला दिसले पाहिजे. पण कोणता नागरिक काय वाचतो हे कोणालाच दिसता कामा नये. या दोन गोष्टींची गल्लत करण्यात सत्तेचा नेहमीच फायदा असतो.

यावर सांगितला जाणारा रामबाण उपाय म्हणजे आयपीची सहावी आवृत्ती. तिचा मसुदा १९९५ सालचा. तिच्यात पत्ते इतके की ३४ या आकड्यावर ३७ शून्ये द्यावीत. एका सेवादात्याला मिळणाऱ्या किमान गठ्ठ्यातच जुन्या जगातील एकूण पत्त्यांइतकी स्वतंत्र जाळी बसतात. भारताने २०१० साली या बदलाचा राष्ट्रीय आराखडा काढला. २०१६ नंतर मोबाइल सेवेच्या विस्तारात नव्या पत्त्यांचा वापर झपाट्याने वाढला आणि आज देशातील दोन-तृतीयांशाहून अधिक वापरकर्ते त्यावर आहेत. जुन्या जमिनीत वाटा नसलेल्यांनी नवी जमीन आधी लागवडीला आणली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दोन आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलत नाहीत. जोवर जगातील मोठा भाग जुन्यावर आहे, तोवर नव्याने येणाऱ्याला जुन्या पत्त्यासाठी भाडे मोजावेच लागते. आणि ज्यांच्याकडे जुना साठा आहे त्यांना बदलाची घाई नाही. शिवाय विपुलता आली म्हणून नोंदवहीची गरज संपत नाही. खोट्या नावाने घेतलेला पत्ता नव्या आवृत्तीतही खोटाच असतो.

तेव्हा मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पत्ता हा वापराचा हक्क आहे, मालमत्ता नाही, हे प्रत्येक नोंदणीसंस्थेच्या करारात आणि भारतात २०१२ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय नोंदणी व्यवस्थेच्या नियमांत स्वच्छ लिहिले जावे. हस्तांतर गरज दाखवूनच व्हावे आणि ठराविक मुदतीत न वापरलेले पत्ते परत यावेत. भाड्याने दिलेल्या गठ्ठ्यांसाठी प्रत्यक्ष वापरणाऱ्या संस्थेचे नाव नोंदवहीत यावे; तक्रारीचा संपर्क खरा आहे की नाही हे आशिया-प्रशांत संस्थेप्रमाणे दर सहा महिन्यांनी सर्वत्र तपासले जावे. २००८ साली पाकिस्तानातील एका दळणवळण कंपनीच्या चुकीच्या घोषणेने यूट्यूबची वाहतूक जगभर भरकटली होती. तसे पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र सक्तीचे व्हावे. नोंदवहीतील कोणताही फेरफार एका माणसाच्या हातून होऊ नये. केवळ पत्त्यावरून कोणालाही अटक होऊ नये. आणि सरकारी संकेतस्थळे, विद्यापीठे, बँका यांनी नवी आवृत्ती विनाविलंब स्वीकारावी, म्हणजे जुन्या साठ्याची खंडणी आपोआप घटेल.

यांपैकी बहुतेक नियम ज्या संस्थांत ठरतात त्या सभासदांच्या आहेत. त्यांच्या धोरणसभा खुल्या असतात, कोणीही प्रस्ताव मांडू शकतो. सहकारी चळवळीत ज्यांनी आयुष्य घातले त्यांना यातील बळ आणि धोका दोन्ही ओळखीचे आहेत. सभासद झोपले की बोगस मुखत्यारपत्रे जागी होतात, आणि त्यांच्या मागून प्रशासक येतो. आशिया-प्रशांत संस्थेत तर मतेही धारणेच्या प्रमाणात आहेत. सर्वांत लहान सभासदाला एक-दोन मते, सर्वांत मोठ्याला चौसष्ट. एका सभासदास एक मत, हे सहकाराचे पहिले तत्त्व तेथे अजून पोहोचायचे आहे. भारतातील लहान सेवादाते, विद्यापीठे आणि ग्राहक संघटना यांनी एकत्र येऊन हा प्रश्न तेथे लावून धरला पाहिजे.

कूळ कायदा झाला तेव्हा ज्या कुळांना सातबारा वाचता येत होता, त्यांच्या जमिनी वाचल्या. इतरांच्या नावापुढे तलाठ्याने काय लिहिले, हे त्यांना फार उशिरा कळले. या नव्या नोंदवहीची पानेही आता उघडीच आहेत. ती वाचणारे कोण, एवढेच ठरायचे आहे.